नसलेली हत्तीवेस

आमच्या गावात कुणी पत्ता सांगायला लागलं की त्याचा हात हमखास रिकाम्या जागेकडं जायचा. लग्न होऊन मी या गावात आले, ती निजामाची राजवट. तेव्हा मला सगळ्यात आधी काही कळलं असेल तर हेच. ‘मोठ्या चिंचेपासून डावीकडं वळ’ असं सांगायचे, आणि ती चिंच माझे सासरे लहान असतानाच वादळात आडवी झालेली. तोफखाना म्हणायचे तिथं कुंभाराची गाढवं बांधलेली असायची. नवी विहीर गावातली सगळ्यात जुनी. कोष्टीवाड्यात एक कोष्टी औषधाला नव्हता. या लोकांना गाव दिसायचं ते आजोबा-पणजोबांच्या वेळचं, आणि मला दिसायचं ते डोळ्यांपुढचं. मग चुकायचं कुणी? अर्थात मीच. आणि हसायचं कुणी? सगळ्या गावानं.

गाव तसं देखणं होतं, खोटं कशाला बोलू. जाफराबाद आणि टेंभुर्णीच्या मधल्या पट्ट्यात, एका उंचवट्यावर वसलेलं. नदी खालून वळसा घेऊन जायची, त्यामुळं तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला काळं रान, कापूस आणि ज्वारीचं. घरं मातीची, वर माळवदं. संध्याकाळी बायका माळवदावर चढून एकमेकींशी बोलायच्या, खाली उतरायचं कामच नाही. वऱ्हाडची हद्द जवळ. तिकडं इंग्रजांचा मुलूख, इकडं मोगलाई. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात घेणारे शिपाई बसलेले. तिकडून साधं मीठ चोरून आणायचं तरी माणसं लग्नाला गेल्यासारखा चेहरा करून परत यायची.

आता हत्तीवेशीचं सांगते. मी नवीन असताना सुगीच्या दिवसांत सासूबाईंनी भाकरीचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि हत्तीवेशीपाशी माणसं पेंढ्या बांधतायत त्यांना देऊन ये म्हणून सांगितलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांना परत काही विचारायचं म्हणजे वाघाला दात दाखव म्हणण्यासारखं. मी निघाले. गावात उभी असलेली वेस एकच, आमच्या घरासमोरची, बाजाराची. चांगली दगडी कमान, वर पिंपळाचं रोपटं उगवलेलं. पण ती तर बाजारवेस. हत्तीवेस दुसरीकडं असणार म्हणून मी गाव पालथं घातलं. ज्याला विचारावं तो खाली नदीकडं हात करी. शेवटी पार पाण्याजवळ पोचले. तिथं एक बाई धुणं आपटत होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, अगं तू वेशीतच तर उभी हाईस. मी मान वर करून पाहिलं. वर नुसतं आभाळ.

ती वेस कुणाच्या तरी पणज्याच्या वेळीच पडलेली होती. बरं, दगडसुद्धा जागेवर नाहीत. कुणी गोठ्याला लावले, कुणी उंबऱ्याला. एक मोठा दगड होता त्याच्यावर हत्ती कोरलेला, त्याच्यावरच ती बाई धुणं धूत होती. भाकरी पोचायला उशीर झाला म्हणून शेतातल्या माणसांची बोलणी खाल्ली आणि घरी आल्यावर आत्याबाईंची. ‘वेस सापडेना म्हणं हिला,’ असं त्या शेजारणीला सांगायच्या, आणि शेजारीण पदर तोंडात कोंबून हसायची. मला इतका राग आला होता की त्या रात्री मी जेवलेच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, ते वेगळं.

माझं माहेर पार दुसऱ्या टोकाला, घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. तिथं जायचं म्हणजे आधी बैलगाडीनं जालना, तिथं धर्मशाळेत मुक्काम, मग तिथून अंबडकडं जाणारी मोटार, आणि उतरल्यावर पुन्हा कुणाची तरी गाडी. जालन्यापुढचं काही वाटत नसे. अडायचं ते गाव ते जालना एवढंच. कारण बैल. पावसाळ्यात चिखलात गाडी रुतायची म्हणून जायला मिळायचं नाही. हिवाळ्यात बैल कापसाच्या गाड्यांना जुंपलेले, जालन्याच्या जिनांवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांवर, माल न्यायचा असायचा, म्हणून नाही. उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या लग्नांना आमचे बैल मागून नेलेले, म्हणून नाही. आमच्या घरात बैलांना जितकी कामं होती तितकी माणसांना नव्हती.

आणि अशात माझ्या आईचे डोळे जायला लागले. माझा भाऊ जालन्याच्या बाजाराला आला होता, तिथून पुढं आमच्या गावापर्यंत मुद्दाम पायी आला ते सांगायला. आईला मोतीबिंदू झाला होता. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. जालन्याला डॉक्टर होता, पण डोळ्याला चाकू लावू द्यायला ती बिलकुल तयार नव्हती. भाऊ जेवायला बसला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, आईनं एवढंच सांगितलंय, ‘दिसतंय तवर एकदा तोंड दाखवून जा.’

मी त्याच दिवशी आत्याबाईंपुढं उभी राहिले. त्या तूर पाखडत होत्या. बैल रिकामे झाले की जा, एवढं म्हणाल्या आणि सूप हलवत राहिल्या. मी यांना म्हटलं, हे म्हणजे माझे यजमान. ते भले माणूस, पण वडलांपुढं तोंड उघडायची छाती नाही. बघू म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे काय ते मला तोवर पुरतं कळलेलं होतं. मला रोज सकाळी उठल्याबरोबर वाटायचं, आज आईला किती दिसत असेल.

अशातच बातमी आली की सरकारी मोटार जालन्याहून आमच्या भागात यायची आहे. पण रस्ता ठरायचा होता. एक रस्ता आमच्या गावावरून, आणि दुसरा टेंभुर्णीकडून, गावाला बगल देऊन. त्यासाठी हैद्राबादेहून एक रस्त्याचा साहेब पाहणी करायला येणार होता. गावात नुसती धांदल उडाली. टेंभुर्णी मोठी, व्यापाराची, तिच्यापुढं आपण कुठं कमी पडायचं नाही, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. पण दाखवायचं काय? रस्ता दाखवावा, नदीचा उतार कुठं आहे ते दाखवावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी ठरवलं की साहेबाला गावचा इतिहास सांगायचा. एकदा इतिहास ऐकला की तो टेंभुर्णीचं नाव काढणार नाही.

साहेब उतरणार आमच्याकडं, कारण आमची ओसरी मोठी आणि ऐन बाजारवेशीसमोर. मी ती ओसरी सारवली, वाळल्यावर पुन्हा सारवली. यांनी मला हळूच सांगितलं, मोटार आली तर पहिल्याच दिवशी तुला बसवून देतो, मंग बैलाचं काय कामच न्हाई. मला त्यांचा इतका लोभ वाटला की काय सांगू. मोटारीला बैल लागत नाहीत, हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवत होते.

साहेब आला. काळी शेरवानी, रूमी टोपी, बूट धुळीनं पांढरे झालेले. माणूस शांत होता, चेहऱ्यावरून भला वाटत होता. त्याच्याबरोबर नकाशाची गुंडाळी घेतलेला एक कारकून. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि गावातले तीन-चार बुजुर्ग फेटे बांधून समोर बसले. मी आणि आत्याबाई माजघराच्या दाराआड. मी चहा गाळत होते, पण कान सगळे बाहेर.

मामंजींची उर्दू कचेरीत उभं राहून राहून आलेली. जिथं शब्द अडायचा तिथं ते मराठी शब्दच मोठ्यानं म्हणायचे. त्यांनी साहेबाला सांगितलं की या गावाला पाच वेशी आहेत. आहेत म्हणाले, होत्या नाही. तोफखाना आहे. कोष्टीवाडा आहे, तिथलं कापड लांबलांब जातं. साहेब मान हलवत होता आणि कारकून सगळं लिहून घेत होता. मला आतल्या आत हसू फुटत होतं. कारकून जे लिहीत होता त्यातली एकही गोष्ट गावात नव्हती.

मग साहेबानं कामाचा प्रश्न विचारला. ‘बरसात में पानी कहाँ तक चढ़ता है?’

हा प्रश्न ऐकून म्हाताऱ्यांची तोंडं खुलली. पुराची गोष्ट म्हणजे गावचा मुकुटमणी. कुठल्याशा जुन्या काळी नदी इतकी चढली की पाणी हत्तीवेशीच्या कमानीला लागलं, मग गावातल्या सवाष्णींनी खण-नारळ वाहिला आणि नदी वेशीचे पाय धुऊन मागं फिरली. ही गोष्ट गावात प्रत्येक पोराला तोंडपाठ. मामंजींनी छाती पुढं काढून सांगितलं की पाणी हत्ती दरवाजाच्या कमानीपर्यंत येतं. दुसऱ्यानं पुस्ती जोडली की कमान पार भिजली होती. तिसरा म्हणाला, अशी नदी टेंभुर्णीवाल्यांनी जन्मात पाहिली नसेल.

साहेबानं मान वर केली आणि समोर पाहिलं. समोर बाजारवेस. ती उंच कमान, तिच्यावरचा पिंपळ. त्यानं कमानीकडं पाहिलं, मग आमच्या ओसरीकडं, मग बाजाराच्या रस्त्याकडं, जिथून मोटार यायची होती. गावात दुसरी वेस उभीच नाही, तर त्यानं हीच हत्तीवेस समजायची नाही तर काय करायचं. एवढ्या वर पाणी चढत असेल तर मोटार काय, माणूसही बुडेल. त्यानं कारकुनाला नकाशा गुंडाळायला सांगितला आणि उर्दूत म्हणाला की मग टेंभुर्णीचा रस्ताच ठीक राहील.

म्हाताऱ्यांना काही उमगेना. एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि साहेब टेंभुर्णी म्हणतो? ते एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. ती वेस तिथं नाही हे त्यांच्यातल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही. सांगतील कशाला? त्यांच्या लेखी ती होतीच की. उभं गाव रोज तिथनं ये-जा करायचं.

मी गाळणी खाली ठेवली. मला सगळं लख्ख दिसत होतं, कारण त्याच वेशीपायी मी गावभर भटकले होते. पण सुनेनं परपुरुषांच्या बैठकीत बोलायचं म्हणजे आकाशच कोसळायचं. मामंजींपुढं तर मी कधी डोकंसुद्धा वर केलेलं नव्हतं. मी आत्याबाईंचा पदर धरला आणि भडाभडा बोलले. साहेब बाजारवेशीला हत्तीवेस समजतोय, त्याला वाटतंय इथवर पाणी येतं, मोटार चाललीय टेंभुर्णीला. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता चापट बसते.

त्यांनी पदर डोक्यावरून नीट पुढं ओढला, दाराला पाठ लावली आणि बाहेर न पाहता मोठ्यानं बोलल्या. त्यांना बांगड्या भरणाऱ्या मणियारणीकडून आलेली दखनी बोली अवगत होती, मामंजींपेक्षा चांगली. ‘साब, वो दरवाजा हइच नै. कब का गिर गया. मेरी सास ने भी नै देखा. ये तो बाजार की वेस है, इधर पानी कभी आया नै.’

मामंजींचा चेहरा मला दिसत नव्हता आणि ते बरंच होतं. साहेब दाराकडं वळला. मग त्यानं अदबीनं विचारलं, तर मग हत्ती दरवाजा आहे कुठं? आत्याबाई म्हणाल्या, नीचे. लोगां दिखाएंगे.

मग निघाली की वरात. पुढं साहेब, मागं फेटे, त्यांच्या मागं अख्खा बाजार. आम्ही बायका धावत माळवदावर चढलो, तिथून उतार थेट पाण्यापर्यंत दिसायचा. खाली पोचल्यावर वेस दाखवायची कशी, हा प्रश्न आला. पण त्याची सवय गावाला होती. दरवर्षी दसऱ्याला सीमोल्लंघनाची मिरवणूक हत्तीवेशीतूनच जायची, हा रिवाज. वेस नसली म्हणून रिवाज थोडाच मोडतो? दोन उंच गडी दोन बाजूंना हात वर करून उभे राहायचे, त्यांच्या हातांत आंब्याच्या पानांचं तोरण धरलेलं असायचं, आणि सगळं गाव पालखीसकट त्या तोरणाखालून जायचं. आजही तेच झालं. सांगायच्या आधीच दोन गडी पुढं झाले, आपल्या ठरलेल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले. तोरण नव्हतं म्हणून एकानं आपला फेटा सोडला आणि त्याची टोकं दोघांनी धरली.

साहेब त्या फेट्याकडं पाहत उभा राहिला. मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याची टोपी सरकली. हसता हसता तो त्या फेट्याखालून गेला, पलीकडं उभा राहिला आणि मागं वळून त्यानं वरती गावाकडं पाहिलं. बाजारवेस कुठं वर राहिली होती आणि तो कुठं पाण्याजवळ उभा होता. त्यानं कारकुनाला हाक मारली आणि नकाशा पुन्हा उघडायला लावला. माझ्या शेजारणीनं विचारलं, आता काय म्हणतोय गं? मला इथून काय ऐकू येणार, पण मी म्हटलं, मोटार म्हणतोय. माझ्या तोंडून तेच निघालं.

साहेब गेल्यावर घरात काय होतं याची धास्ती होती. मामंजी जेवले. हात धुताना तेवढं म्हणाले, तिनं सांगितलं ते बराबर होतं, पण साहेबाला पाच वेशी म्हटल्यात त्या आता चारच धरील. त्यांना दुःख झालं होतं ते एवढ्याचंच. हे खाली मान घालून हसत होते, ते मी पाहिलं.

आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मी भांडी विसळत होते. मला राहवेना. मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी बोललात. त्यांनी लाकूड आत सारलं. ‘तुझ्यासाठी कशाला. माझी आई गेली तवा बी बैल कापसाला गेल्ते,’ एवढं म्हणाल्या आणि मला ताट वाढून घ्यायला सांगितलं. त्यांनाही कधी आई होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटायची ती गेली, राग मात्र अधूनमधून यायचा, तो शेवटपर्यंत येत राहिला.

मोटार दिवाळीनंतर आली. धूर काढत, हेलकावे खात बाजारवेशीतून आत शिरली तेव्हा लोकांनी तिला नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि एका म्हातारीनं तिच्यापुढं चारा टाकला. यांनी दिलेला शब्द पाळला. पहिल्या दिवशी मला आणि स्वतःला दोन जागा मिळवल्या. आत्याबाई वेशीपर्यंत आल्या. त्यांनी माझ्या गाठोड्यात आणखी एक पुरचुंडी कोंबली, माझ्या आईला म्हणून, आणि तिथं जास्त दिवस राहू नकोस असं बजावलं. मोटार चालू झाल्यावर त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या.

जालना दुपारच्या आत आलं. मला खरंच वाटेना. दुसरी मोटार, मग एका ओळखीच्याची गाडी, आणि ऊन कलायच्या सुमाराला मी माहेरच्या अंगणात उभी. सगळ्या वाटेत मी देवाला एकच विनवत होते, पण काय विनवत होते ते मोठ्यानं बोलायची हिंमत नव्हती. आई पडवीत बसून शेंगा सोलत होती. बोटांनीच सोलत होती, नजर भलतीकडं. ते पाहून माझे पाय जागच्या जागी थांबले. मी उशिरा आले, असंच वाटलं. मी हाक मारली.

ती उठली, चाचपडत पुढं आली, तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मला ओढत उन्हाकडं नेलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळून पाहत राहिली. हे मागं गाठोडं धरून उभे.

‘किती काळी पडलीस गं,’ ती म्हणाली. ‘अन् हे लुगडं कुणी घेतलं? रंग बिलकुल चांगला न्हाई.’

तो रंग यांनी मोठ्या हौसेनं निवडला होता. एरवी माझ्या रंगावरून कुणी बोललं असतं तर मी दिवसभर फणफणले असते. मी तिथंच उन्हात तिच्या पायांशी बसले आणि रडत, हसत तिला म्हटलं, अजून काय काय वाईट दिसतंय ते सगळं सांग.